मायनस तीन, तरी आलेख उजवीकडे

अकरावीला फंक्शनचा (एक संख्या घेऊन ठरलेल्या नियमाने दुसरी देणाऱ्या यंत्राचा) धडा सुरू झाला की एक प्रश्न येतोच, आणि एखाद्या वर्षी तो आला नाही तर मला त्या वर्गाची काळजी वाटते. फळ्यावर वाय = एक्सचा वर्ग काढलेला असतो, त्याच अक्षांवर वाय = (एक्स − ३)चा वर्ग. पहिल्याचा शिरोबिंदू, म्हणजे आलेख जिथे वळतो तो बिंदू, आरंभबिंदूवर, दुसऱ्याचा उजवीकडे तीनवर. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मॅडम, मायनस हाय न, मग ते उजवीकडं कामून जायलंय?"

मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वर्गात मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेडकडची पोरं असतात. बहुतेकांची दहावी मराठी शाळेत झालेली. संख्यारेषेवर मायनस म्हणजे डावीकडे, हे त्यांनी प्राथमिक शाळेपासून पक्कं केलेलं असतं. शिवाय वाय = एक्सचा वर्ग − ३ काढायला सांगितलं तर आलेख तीन घरं खाली येतो, तिथे मायनस शहाण्यासारखा वागतो. कंसात शिरला की तोच मायनस उलटा का फिरतो? विचारणाऱ्या पोराने नीट विचार केलेला असतो म्हणूनच त्याला हे खटकतं.

यावर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे "आतलं उलटं, बाहेरचं सुलटं." शिकवणी वर्गात हे एका वाक्यात सांगतात, पोरं वहीच्या कोपऱ्यात चौकट करून लिहून ठेवतात, आणि सोप्या गणितांत मार्कही मिळतात. माझं या वाक्याशी भांडण आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते कारण सांगत नाही, आणि ज्याचं कारण माहीत नाही तो नियम पुढच्या वळणावर हातातून सुटतो. ते वळण फार लांबही नसतं, एफ(२एक्स − ६) (एफ म्हणजे कुठलंही फंक्शन, कंसात त्याला दिलेली संख्या) आलं की तिथेच अर्धा वर्ग अडतो.

कारण तसं सरळ आहे. वर्ग करणाऱ्या फंक्शनला शून्य मिळालं की शिरोबिंदू येतो. आता त्याला एक्स मिळतच नाही, एक्समधून तीन वजा होऊन उरलेली संख्या मिळते. ती शून्य व्हायची तर एक्स तीन असायला हवा. म्हणून जे पूर्वी शून्यावर घडत होतं ते आता तीनवर घडतं. जे पाचवर घडत होतं ते आठवर. प्रत्येक घटना तीन घरं पुढे. बाहेरचा मायनस उत्तर हातात आल्यानंतर त्यातून वजा होतो, म्हणून तो दिसतो तसा वागतो. आतला मायनस फंक्शनच्या आधी काम करतो. बदल आधी आहे की नंतर, एवढा एक प्रश्न प्रत्येक चिन्हाला विचारला की अर्धा धडा संपतो.

पण हे सगळं बरोबर असूनही पोरांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो तो रेल्वेच्या तक्त्याने.

आमचे सासरे रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा हिशेब ठेवतात तो आलेखावर. आडवी वेळ, उभी स्टेशनं. परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना अशी स्टेशनं एकाखाली एक, त्यांच्यातल्या अंतराच्या प्रमाणात. प्रत्येक गाडीची एक रेघ. गाडी स्टेशनात उभी राहिली की रेघ आडवी होते, वेग जितका जास्त तितकी रेघ खडी. समोरून येणाऱ्या गाडीची रेघ उलट्या उताराची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग, आणि एकेरी मार्गावर हा छेद स्टेशनातच पडला पाहिजे, मधल्या रानात पडून चालत नाही. अण्णा हे सगळं पेन्सिलीने काढायचे. लग्नानंतर त्यांनी मला जुन्या तक्त्याचा एक कागद उलगडून दाखवला, तेव्हा गणितात एम. एस्सी. झालेल्या मला इतके जिवंत आलेख एका कागदावर पहिल्यांदाच दिसत होते.

त्यांचं एक वाक्य मी वर्गात जसंच्या तसं सांगते: "बाई, गाडी उशिरा सुटली म्हणून रेघ बदलत नसते, नुसती सरकते."

समजा वेळेवरची गाडी टी वाजता कुठे असते ते एफ(टी) सांगतं, वेळ मिनिटांत मोजू. आज तीच गाडी ४० मिनिटं उशिरा सुटली, बाकी वेग आणि थांबे तेच. मग आज टी वाजता ती कुठे असेल? वेळेवरची गाडी ४० मिनिटांपूर्वी जिथे असती तिथे. म्हणजे एफ(टी − ४०). मायनस आला तो "४० मिनिटांपूर्वी" या शब्दांतून. आणि तक्त्यावर रेघ कुठे गेली? उजवीकडे, कारण सेलू नेहमीपेक्षा उशिरा आलं. हे फळ्यावर काढलं की ज्याने प्रश्न विचारला होता तोच सांगतो, "म्हणजे लवकर सुटली तर प्लस, आन् रेघ डावीकडं." त्याला नियम पाठ करायची गरज उरत नाही.

(खऱ्या गाड्या वाटेत थोडा उशीर भरून काढतात, तेव्हा रेघ नुसती सरकत नाही, तिचा उतारही बदलतो. हे एखादी पोरगी दरवर्षी दाखवून देते आणि मला ते फार आवडतं.)

याच तक्त्यावर २एक्स − ६ही सुटतं. दुप्पट वेगाची गाडी घ्या. सुटल्यापासून टी तासांनी ती तिथे असेल जिथे साधी गाडी २टी तासांनी असती. म्हणून एफ(२टी), आणि रेघ वेळेच्या दिशेने निम्म्यात आवळली जाते. आता हीच वेगवान गाडी तीन तास उशिरा सोडा. सुटून झाले टी − ३ तास, म्हणून एफ(२(टी − ३)). कंस सोडवला की एफ(२टी − ६). उशीर तीनचा आहे, सहाचा नाही, हे गाडीकडे बघितलं की कुणीही सांगतं. नुसतं सूत्र बघणारा मात्र आधी निम्मं करतो आणि मग सहा घरं सरकवतो. एक बिंदू घेऊन तपासा: मूळ आलेखावर (४, ५) आहे. नव्या आलेखावर २एक्स − ६ चार व्हायला हवा, म्हणजे एक्स = ५. आधी सहा सरकवून मग निम्मं केलं तर चारचे दहा, दहाचे पाच. आधी निम्मं करून मग तीन सरकवलं तर चारचे दोन, दोनचे पाच. दोन्ही वाटा बरोबर. पण आधी निम्मं करून सहा सरकवलं तर आठ येतात, आणि आठवर तो बिंदू नाही. मी पोरांना सांगते, शंका आली की एक बिंदू हातात धरून चालत जा.

कोष्टकाबद्दल थोडं बोलते. नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेख काढायला शिकवतात: एक्सच्या चार किमती, वायच्या चार किमती, बिंदू मांडा, पट्टी लावा. रेषेसाठी ते ठीक आहे. पण पोरं तीच सवय घेऊन अकरावीत येतात. एक्सच्या वर्गाचे पाच बिंदू मांडून ते पट्टीने जोडतात. वाय = १/एक्स मध्ये शून्याची किंमत काढता येत नाही म्हणून तो रकाना रिकामा सोडतात आणि (−१, −१) ते (१, १) सरळ रेघ ओढतात, आरंभबिंदूतून. नेमकं जिथे फंक्शन अस्तित्वातच नाही तिथूनच! सहा बिंदू बरोबर असूनही आलेख पूर्ण चुकलेला असतो. म्हणून माझ्या वर्गात पहिले काही तास ग्राफ पेपर आणि पट्टी दोन्ही दप्तरात. कोऱ्या कागदावर हाताने काढायचं, आणि कागदावर दिसलं पाहिजे ते एवढंच: अक्षांना कुठे छेदतो, कुठे वळतो, दोन्ही टोकांना कुठे जातो, आणि कोणत्या रेषेच्या जवळ जात राहतो पण तिला भेटत नाही. एक्स, एक्सचा वर्ग, घन, १/एक्स, वर्गमूळ, मॉड, साइन, दहाचा घातांक आणि लॉग, एवढे आकार डोळे मिटून काढता आले की बाकीचे शेकडो आलेख म्हणजे यांचंच सरकणं, ताणणं, उलटणं.

उलटण्यात मॉडइतकी मजा दुसऱ्या कशात नाही. मॉड म्हणजे ऋण चिन्ह काढून उरलेली संख्या, |−३| म्हणजे ३. मी यासाठी ट्रेसिंग पेपर वापरते, स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतो. वाय = एक्सचा वर्ग − ४एक्स + ३ घ्या. हे म्हणजे (एक्स − २)चा वर्ग − १, शिरोबिंदू (२, −१), मुळं, म्हणजे आलेख एक्स-अक्षाला जिथे भेटतो त्या जागा, १ आणि ३. पूर्ण फंक्शनला मॉड लावला तर एक्स-अक्षाखालचा भाग अक्षावर दुमडून वर येतो: १ आणि ३ च्या मध्ये एक छोटा उंचवटा, उंची १. पण मॉड आतल्या एक्सला लावला तर गोष्ट वेगळीच. आता एफला ऋण संख्या मिळणारच नाही. वाय-अक्षाच्या डावीकडचं सगळं पुसायचं आणि उजवीकडच्याची प्रतिमा तिथे ठेवायची. आलेखाला दोन दऱ्या येतात, (२, −१) आणि (−२, −१), मध्ये शिखर (०, ३), मुळं चार. सूत्रात दोन उभ्या रेघा कुठे उभ्या आहेत एवढाच फरक, आणि चित्रं किती दूर! इथेही प्रश्न तोच: आधी की नंतर?

आणि ||एक्स| − २|. मॉड एक्सचा व्ही काढा, दोन घरं खाली ओढा, खाली गेलेलं टोक वर दुमडा. डब्ल्यू तयार. आता हे १ बरोबर कधी? आडवी रेघ ओढा: चार वेळा. २ बरोबर? तीन वेळा. ३ बरोबर? दोन वेळा. समीकरण सोडवत बसलं तर पानभर केसेस होतात.

साइनच्या आलेखाला मात्र मी खरा वेळ देते, कारण तो परभणीच्या हवेत आहे. इथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि थंडीत विद्यापीठाच्या वेधशाळेने नोंदवलेलं किमान तापमान रोज पेपरात येतं. समजा जानेवारीत दुपारी तीनला २८ अंश कमाल आणि किमान १२. सरासरी २०, त्याच्या वर-खाली ८. चोवीस तासांत एक लाट. साइनची लाट दोन पायमध्ये (पाय म्हणजे π, सुमारे ३.१४) पूर्ण होते, म्हणून आत पाय/१२ ने गुणायचं. शिखर दुपारी तीनला, म्हणजे पंधराव्या तासाला हवं. साइनचं शिखर लाटेच्या पावभागावर, म्हणजे सुरुवातीपासून सहा तासांनी येतं. म्हणून सुरुवात नवाला. झालं: २० + ८ साइन(पाय/१२ × (टी − ९)). वर-खाली ताणणं, आडवं ताणणं, उजवीकडे सरकवणं, वर उचलणं, चारही बदल एका ओळीत, आणि प्रत्येकाला अर्थ आहे. पोरं ते वहीत काढतात आणि खूश होतात, तोपर्यंत मीही होते.

मग एकदा पाथरीकडच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरी गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, कारण शेतीची लाइट रात्रीची. तो म्हणाला, "मॅडम, ह्या आलेखात पहाटं तीनला सगळ्यात गार दाखवलंय. तीनला नसतंय तसं. दिवस उगवायच्या टायमाला हातपाय गोठतेत."

तो शंभर टक्के बरोबर होता. सूर्य मावळल्यावर जमीन उष्णता गमावतच राहते, सूर्य वर येऊन देणं सुरू करेपर्यंत. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून किमान तापमानही त्याच सुमारास. म्हणजे चढायला आठ तास आणि उतरायला सोळा. साइनची लाट चढायला आणि उतरायला सारखाच वेळ घेते. ती चार तास पुढे सरकवली तर पहाट जुळते, पण दुपारचं शिखर संध्याकाळी सातला जातं. वर्गाने सगळं करून पाहिलं, सरकवलं, ताणलं, उलटलं, आणि त्यांना कळलं की या कोणत्याही बदलाने लाटेचा चढ-उताराचा सारखेपणा मोडत नाही. त्यासाठी वेगळा आकार लागतो. इतकी खोल गोष्ट त्या दिवशी माझ्या नियोजनात नव्हती, आणि ती गव्हाच्या रानातून वर्गात आली.

जिथे साइन छान बसते ते दिवसाच्या लांबीला. परभणीत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमध्ये जवळपास अकराचा. लंडनला साडेसोळाच्या वर आणि पावणेआठच्या आसपास. लाट तीच, लंडनची उभी ताणलेली. ऑस्ट्रेलियात आपल्या उलट, डिसेंबरमध्ये मोठा दिवस. मग तिथला आलेख आपला आलेख उलटा केलेला, की सहा महिने सरकवलेला? यावर वर्गात दोन तट पडतात आणि दोघंही जिंकतात, कारण मायनस साइन एक्स आणि साइन(एक्स + पाय) एकच आहेत.

असंच एक दुहेरी नातं लॉगचं. लॉग म्हणजे दहाचा कितवा घात घेतला की ती संख्या येते तो आकडा, १००चा लॉग २. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांनीही घरात ऐकलेली असते. किल्लारीचा तो भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा. चार्ल्स रिश्टरने १९३५ मध्ये मांडलेल्या मापात तितक्याच अंतरावर कंपनमापकाची रेघ दहापट हलली की आकडा एकाने वाढतो. म्हणजे लॉग(१०एक्स) = लॉग एक्स + १. लॉगचा आलेख आडवा दहापट आवळला काय आणि एक घर वर उचलला काय, फरक नाही. साडेसहा आणि साडेसात यांत "एकचाच तर फरक" असं म्हणणाऱ्या पोराला हा आलेख काढायला लावला की तो पुन्हा तसं म्हणत नाही.

मोबाइलवर जिओजेब्रा किंवा डेस्मॉस उघडून आलेख क्षणात बघता येतो, आणि मी ते बंद करायला सांगत नाही. फक्त क्रम ठरलेला: आधी कागदावर अंदाज काढायचा, मग मोबाइल. स्लायडर सरकवत बसलेल्या पोराला आलेख हलताना दिसतो, पण तो का हलला हे विचारायची वेळच त्याच्यावर येत नाही. प्रवेश परीक्षेला तर मोबाइलही नसतो आणि कॅल्क्युलेटरही.

तिथे विचारतात: साइन एक्स = एक्स/१० ला किती उकली? बीजगणिताने हे सुटत नाही. आलेखाने अर्ध्या मिनिटात सुटतं. एक्स/१० ही रेघ दहावर एकला पोहोचते, पुढे साइन तिला गाठू शकत नाही. उजवीकडे पहिल्या उंचवट्यावर आरंभबिंदू सोडून एक छेद, दोन पाय ते तीन पाय यांतल्या उंचवट्यावर दोन, तिसरा उंचवटा सुरूच होतो साडेबाराच्या पुढे, म्हणून तो बाद. उजवीकडे तीन, डावीकडे तीन, मध्ये एक शून्य. सात.

मागच्या तुकडीतल्या एका मुलीने हे झाल्यावर लगेच विचारलं, एक्स/१०० असतं तर? मी खडू तिच्या हातात दिला. तिने एकही लाट काढली नाही. १००ला दोन पायने भागलं, पंधरा पूर्णांक नऊ काहीतरी आलं. सोळावा उंचवटा ९४.२५ला सुरू होऊन ९५.८ला शिखरावर जातो, तिथे रेघ अजून एकच्या खाली आहे, म्हणून तोही धरायचा. सतरावा शंभरच्या पुढे. पहिल्यावर एक, उरलेल्या पंधरांवर दोन-दोन, एकतीस. दुप्पट बासष्ट, आणि मधलं शून्य. फळ्यावर तिने त्रेसष्ट लिहिलं आणि खाली रेघ ओढली.